वाल्ट्राउट काकूंच्या दारावरची केरसुणी

तळ्याला अर्धा वळसा घालून झाला, हंसांचा कळप मागे पडला, तरी वाल्ट्राउट काकूंनी तोंड उघडलं नव्हतं. हे लक्षण काही ठीक नव्हतं. एरवी हंसांपर्यंत पोचायच्या आत त्यांची हवा, गुडघा, शेजाऱ्याचा कुत्रा आणि अमेरिकेतला मऊ पाव एवढ्या सगळ्यांना शिव्या देऊन झालेल्या असत. आज नुसत्या काठी आपटत चालल्या होत्या. काकू मागे आहेत ना, म्हणून नीलांबरीने दोनदा वळून पाहिलं.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"या वयात जेवढं वाटावं तेवढं वाटतंय."

पाइनच्या सुयांवर पावलांचा आणि काठीचा आवाज तेवढा.

"सोमवारी जायचं म्हणून वाईट वाटतंय?"

"वाईट कशाला? रेडमंडला कायम पाऊस असतो. इथे गुडघा अधूनमधून दुखतो, तिथे कायम दुखेल. म्हातारपणी काहीतरी पक्कं असावं माणसाला."

काकूंचं कॅरोलायनातल्या कॅरी गावातलं घर विकलं गेलं होतं. त्यांची लेक इंग्रिड रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होती. ती आईला न्यायला येऊन बसली होती आणि घरातली प्रत्येक वस्तू उचलून "मॉम, हे खरंच लागतं का?" असं विचारत होती. काकूंच्या मते ती लवकरच आईलाही उचलून हाच प्रश्न विचारणार होती.

नीलांबरीची आणि काकूंची जोडी कशी जमली हे कॅरीत कोणालाच नीटसं कळलेलं नव्हतं. नीलांबरी चाळीसगावच्या मराठी शाळेत शिकलेली, चतुर्थी न चुकवणारी, दारूच्या दुकानाच्या बाजूला गाडीही पार्क न करणारी. काकू दारूच्याच गावच्या. पण नीलांबरीचं शाळेतलं इंग्लिश आणि काकूंचं जर्मनमध्ये ठोकून बसवलेलं इंग्लिश, ही दोन इंग्लिशं भेटली आणि एकमेकींचा शब्द न् शब्द कळायला लागला. दोघींच्या मुलांना ते बोलणं ऐकवत नसे. वयाने एवढ्या मोठ्या बाईला नावाने हाक मारणं नीलांबरीला जमेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने 'काकू' लावून टाकलं. ही भारतातली एखादी पदवी असावी, अशा थाटात काकूंनी ते घेतलं आणि पुढे फोनवरही "काकू बोलतेय" असंच सांगायला लागल्या.

त्यांचं गाव रोटनहाल्डे. जर्मनीच्या दक्षिणेला, डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, खाली एक चर्च, एक पंप आणि एकमेकांशी न बोलणारे दोन बेकरीवाले. काकूंच्या वडिलांच्या मळ्यात एक टेकाड होतं. हिवाळ्यात पोरं त्यावरून घसरगुंडी करत. मग एकदा विद्यापीठातली माणसं आली, त्यांनी टेकाड खणलं आणि सांगितलं की ही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या केल्ट लोकांच्या सरदाराची कबर आहे. कबर चोरांनी कधीच साफ केली होती. मिळाली ती एक काशाची गाळणी. सरदाराची दारू गाळायची.

"सोनं नेलं आणि गाळणी ठेवली!" काकू नेहमी सांगत. "म्हणजे चोर आमच्या गावचे नव्हते हे तर सिद्धच झालं. आमच्यातला असता तर आधी गाळणी उचलली असती."

त्यानंतर अख्खं गाव एका रात्रीत केल्ट झालं. एका बेकरीवाल्याने कालच्याच पावाला केल्टिक पाव म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याने त्याच्याआधी केली असं दुसऱ्याचं म्हणणं. महापौरांनी ओठांवरून खाली लोंबणाऱ्या मिशा वाढवल्या. ज्याच्या आजोबांना गावात कोणी उसनं पीठ दिलं नव्हतं, तोही सरदाराच्या वंशातला निघाला.

"आमच्याकडेही तेच," नीलांबरी म्हणे. "अरुणच्या घरी प्रत्येकाचा मूळपुरुष किल्लेदार. एवढे सगळे किल्लेदार, तर मग गडावर पाणी कोण भरत होतं?"

अरुण म्हणजे नीलांबरीचा नवरा. औषधाच्या कंपनीत आकडेमोड करायचा आणि घरी किल्लेदार असायचा.

काकूंचा दिवंगत नवरा ड्वेन इथलाच, कॅरोलायनाचा. अमेरिकन छावणीत शिपाई म्हणून जर्मनीत गेला होता. एका शरद ऋतूत तो काकूंच्या घरी आला, कारण त्या दिवसांत गावातली घरं आपली नवी वाईन पाजायला पुढची खोली उघडत. त्याचं घर कडक बाप्टिस्ट पंथाचं, दारूचा थेंब माहीत नाही. त्याने टेबलाशी बसून दूध मागितलं.

"दूध मागणारा दाढीवाला पुरुष मी पहिल्यांदाच पाहिला," काकू सांगत. "दया आली. लग्न केलं."

इथे आल्या तेव्हा कॅरीत तंबाखूची शेतं होती आणि सासूच्या घरात आइस्ड टीशिवाय काही ओतलं जात नसे. काकूंनी गावाकडच्या वेलीच्या काड्या तीनदा मागवून लावल्या. इथल्या दमट हवेत तिन्ही वेळा मेल्या. मग त्यांनी परसात इथलीच जाड सालीची, गोडमिट्ट मस्कडाइन द्राक्षं चढवली. सासूने पाद्रीबाबांना सांगितलं, सून जेली करते. सून तळघरात काय करते ते सासूला ठाऊक होतं, कारण खोकला झाला की ती चमचा घेऊन खाली जायची आणि तिचा खोकला महिनोन्महिने टिकायचा. काकूंनी पुढे तीस वर्षं शाळेची बस चालवली. कॅरीतले निम्मे दंतवैद्य आणि एक न्यायाधीश लहानपणी त्यांच्या आरडाओरड्याला घाबरून सीटवर गप्प बसलेले आहेत.

लाकडी पूल आला तसा काकूंनी कठड्याला काठी टेकली.

"काल कोणी आलं नाही."

"कोण यायचं होतं?"

"कोणीही! तेच तर आहे. आमच्याकडे आमंत्रण नसतं. नवी वाईन तयार झाली की दारावर केरसुणी उलटी टांगायची. केरसुणी दिसली की रस्त्याने जाणारा कोणीही आत येतो. महापौर आणि गवंडी एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात. पिंप रिकामं झालं की केरसुणी उतरवायची. त्याआधी नाही. काल मी ती टांगली होती. संध्याकाळभर बसले. कांद्याचा केक केला होता, तो इंग्रिडने खाल्ला. कॅलरी मोजत."

नीलांबरीही कठड्याशी थांबली.

"मला कधी बोलला नाहीत हे, केरसुणीचं."

"तू पीत नाहीस. तुला सांगून काय उपयोग? तुला आधी सगळ्या देवांना विचारावं लागलं असतं, आणि तुमचे देव किती!"

काकू पुलाखालच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा गेले त्या वर्षी मी इथे होते. मळा भावाने मोठ्या कंपनीला विकला. तळघरात अर्धं पिंप भरलेलं होतं, नीला. अर्धं! आणि त्याने केरसुणी उतरवली. लोक दारापर्यंत येऊन परत गेले. मी मनाशी म्हटलं होतं, एकदा तरी मी टांगेन आणि पिंप रिकामं करूनच उतरवेन. सगळं आयुष्य बाप्टिस्ट लोकांत गेलं. हे शेवटचंच वर्ष होतं. आणि काल एक कुत्रं फिरकलं नाही."

ती केरसुणी कुठे होती हे कॅरीत फक्त नीलांबरीलाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. आदल्या दुपारी ती फराळाचा डबा घेऊन काकूंच्या दारी गेली होती. आत रेडिओ ठणाणत होता, घंटी कोणाला ऐकू गेली नाही. डबा पायरीवर ठेवून ती वळली आणि वर पाहते तर काय, दाराच्या चौकटीवर केरसुणी! काटक्यांची खरीखुरी, डोकं खाली, पाय वर, गळ्यात लाल रिबीन. लक्ष्मीपूजनाला एक दिवस उरलेला आणि साक्षात लक्ष्मी फाशी दिल्यासारखी लटकलेली. येणारा-जाणारा तिच्या खालून जाणार! नीलांबरीला वाटलं, म्हातारीचं आवराआवरीत डोकं ठिकाणावर नसेल, नाहीतर इंग्रिडने काहीतरी सजावट केली असेल. तिने ती हलकेच उतरवली, पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीने पुसली, डोक्याला लावली आणि ओसरीवरच्या मोठ्या कुंडीमागे, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी, नीट आडवी निजवली. पुण्याचं काम केलं अशा समाधानात घरी येऊन चहा प्यायली.

"काकू," ती म्हणाली, "मला तुम्हाला काही..."

तेवढ्यात काकूंच्या खिशातला फोन वाजला. काकूंना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर. पलीकडे बर्नीस होती, त्यांच्याबरोबर बस चालवणारी.

"वाल्ट्राउट, काय चाललंय तुझं?" बर्नीसचा आवाज अर्ध्या तळ्यावर पसरला. "काल आम्ही चौघं तुझ्या गल्लीत दोनदा चक्कर मारून गेलो. दोनदा! दारावर केरसुणी कुठेय? तूच दहा वर्षं दम देतेस, एकदा केरसुणी टांगेन, आणि ती नसेल तर दार वाजवायचं नाही. आम्ही म्हटलं, बया वेळेआधीच गेली दिसते. रेडमंडला म्हणतेय मी, वर नव्हे."

"होती की केरसुणी! आम्ही गॅरेजमधून येतो-जातो, पण मी स्वतः टांगली होती पुढच्या दारावर."

"नव्हती. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मला आता तुझ्या खिडकीतली धूळसुद्धा दिसते."

फोन बंद झाला. काकूंनी नीलांबरीकडे पाहिलं. शाळेच्या बसच्या आरशातून मागच्या सीटवरच्या पोराकडे बघावं तसं पाहिलं.

"तू काय सांगत होतीस?"

नीलांबरीने सांगितलं. लक्ष्मी, उलटं टांगणं, जॅकेटची बाही, कुंडी, सगळं. सांगताना तिचं इंग्लिश एवढं अडखळलं की मधली दोन वाक्यं मराठीतच गेली. काकूंना तीही कळली.

काकू म्हणाल्या, "आमच्या सरदाराची कबर लुटली. दोन युद्धं झाली. फ्रेंच आले, अमेरिकन आले. पण दारावरच्या केरसुणीला आजपर्यंत कोणी हात लावला नव्हता. त्यासाठी एक दारू न पिणारी हिंदू बाई चालत माझ्या ओसरीवर यावी लागली!"

"चुकलंच माझं, काकू."

"डोक्याला लावलीस म्हणतेस?"

"हो."

"आणि निजवलीस? पांघरूण घातलं नाहीस का?" असं म्हणता म्हणता काकूंना हसू फुटलं. ते एवढं वाढलं की त्या कठडा धरून खाली बसल्या आणि पलीकडच्या काठावरचे हंस फडफडत पाण्यात शिरले. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि ते जरा जास्तच वेळ पुसले.

"आज लावा परत," नीलांबरी म्हणाली.

"आज कोण येणार? बर्नीसचा आज चर्चच्या भजनांचा सराव. उद्या रविवार, ती मंडळी दिवसभर चर्चमध्ये. परवा मी विमानात."

नीलांबरीच्या घरी त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला मराठी मंडळातली माणसं यायची होती. दरवर्षी पूजेला केरसुणी म्हणून ती इंडियन स्टोअरमधला प्लास्टिकचा झाडू मांडायची, वर दुकानाचं लेबल तसंच. दरवर्षी देवीची मनातल्या मनात माफी मागायची. आणि इथे खऱ्या काटक्यांची केरसुणी कुंडीमागे निजलेली.

"काकू, पूजा तुमच्या ओसरीवर करते," ती म्हणाली. "माणसं माझी, केरसुणी तुमची. बर्नीसला म्हणावं, सराव आमच्याकडेच कर."

"तुझी माणसं पितात?"

"बायकांचं माहीत नाही. पुरुष फुकट असलं की पितात."

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला काकूंनी स्टुलावर चढून खिळ्याला केरसुणी टांगायला घेतली. इंग्रिड खालून ओरडत होती, "मॉम, घर विकलंय! नवीन खिळा मारू नकोस!" खिळा जुनाच होता. उलटं टांगण्यावर मात्र तडजोड झाली. पूजा होईपर्यंत केरसुणी पाटावर सरळ, आरती झाली की दारावर उलटी. नीलांबरीने हळदकुंकू लावलं तेव्हा काकूंनी चष्मा वर करून विचारलं, "डाग जाईल का हा?"

"नाही."

"मग असू दे."

गॅरेजमध्ये लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं. कोणी ऐसपैस बसलं की काकू त्याला ढकलून मध्ये आणखी एक घुसवत. किल्लेदार अरुण बर्नीस आणि तिच्याहून रुंद अशा एका निवृत्त ड्रायव्हरच्या मध्ये अडकला, हातात चकली धरून. बर्नीसच्या चमूने सराव म्हणून दोन भजनं खणखणीत म्हटली. लगेच मंडळाच्या सीमाने आरती पुन्हा एकदा घेतली, आपण कमी पडायला नको म्हणून. देवाला त्या दिवशी कॅरीकडे लक्ष द्यावंच लागलं असेल.

सीमाचा नवरा शैलेंद्र वाईनमधला जाणकार. कॅलिफोर्नियाला जाऊन आल्यापासून तो पाणीसुद्धा हुंगून पितो. त्याने पेला फिरवला, नाक खुपसलं, डोळे मिटले.

"काकू, मागे हलकासा ओकचा सुगंध येतोय. आणि थोडं चामडं."

"चामडं तुझ्या पट्ट्याचं असेल," काकू म्हणाल्या. "हे काचेच्या बरणीत केलंय. चव खोकल्याच्या औषधासारखी आहे. माझ्या सासूला विचार. गप पी."

शैलेंद्रने गपचूप प्यायली. दुसराही पेला गपचूप प्यायला.

"पण काकू, एवढ्या जाड सालीची द्राक्षं गाळली कशानं तुम्ही?" सीमाने विचारलं.

काकूंचा चेहरा उजळला. "नीलाच्या यंत्राने! ते भोकांचं, हँडल फिरवायचं. सप्टेंबरमध्ये मागून नेलं होतं. सरदाराच्या गाळणीपेक्षा भारी आहे!"

ते पुरणयंत्र होतं. नीलांबरीने जॅम करायचा असेल म्हणून दिलं होतं. ते स्वच्छ धुऊन परत आलं होतं आणि दसऱ्याला त्याच यंत्रातून निघालेल्या पुरणाचा नैवेद्य दाखवून तिने मंडळातल्या सगळ्यांना पोळ्या वाढल्या होत्या.

"तरीच," अरुण बाकावरून म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, यंदा पुरणाला काहीतरी वेगळीच चव आहे?"

"तू तीन पोळ्या खाल्ल्या होत्यास, यार," शैलेंद्र म्हणाला.

नीलांबरीने ओसरीवरच्या समईकडे पाहिलं. देवीने दसऱ्याचा नैवेद्य घेतला होता, तेव्हा काही कुरकुर केली नव्हती. आता आपण कशाला उगाळत बसायचं? तिने मनातल्या मनात एकदा हात जोडले, आणि जरा वेळाने आणखी एकदा जोडले. मग उठून काकूंनी नव्याने केलेल्या कांद्याच्या केकचा तुकडा घेतला. त्यात हिरवी मिरची हवी होती, पण ते तिने बोलून दाखवलं नाही.

काकू टेबलाच्या टोकाला उभ्या होत्या. कोणाचा पेला रिकामा दिसला की भरत होत्या, आणि मधूनच दाराकडे जाऊन केरसुणी जागेवर आहे ना ते बघून येत होत्या. दर खेपेला नीलांबरीकडे संशयाने एक नजर टाकत.

तरी बरणी रिकामी झाली नाही. बर्नीसची मंडळी गाडी चालवायची म्हणून बेताने प्यायली, मंडळाच्या बायका पेल्याला ओठ लावून "छान आहे हं" म्हणत पेला नवऱ्याकडे सरकवत होत्या, आणि नवऱ्यांनाही त्या गोडाची एक मर्यादा होती. तळाला चांगली चार बोटं उरली.

सोमवारी सकाळी इंग्रिडने गाडीत बॅगा भरल्या आणि हॉर्न वाजवला. नीलांबरी निरोपाला तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन आली होती. काकू दारातून बाहेर आल्या. एका हातात ती काचेची बरणी आणि काखेत केरसुणी, रिबीन लोंबत असलेली, काटक्यांवर कुंकू तसंच.

"मॉम, विमानात नेता येणार नाही ते!" इंग्रिड काच खाली करून ओरडली.

"माहितेय! तुझी आई म्हातारी झालीय, खुळी नाही." काकूंनी बरणी नीलांबरीच्या हातात दिली. नीलांबरीने आयुष्यात पहिल्यांदाच दारूचं भांडं असं छातीशी धरलं. आतली वाईन डचमळली.

"रिकामी नाही झाली," काकू म्हणाल्या.

"नाही."

"भावाने अर्ध्यावर उतरवली होती. मी चार बोटांवर आणली. प्रगती आहे." काकूंनी केरसुणी तिच्या काखेत खुपसली आणि तिची कॉलर उगाचच नीट केली. हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आता ऐक. ही तुझ्या दारावर लाव. हवं तर पूजा कर, काय वाट्टेल ते कर, पण लाव. उलटीच. जो येईल त्याला दे. शैलेंद्रला देऊ नकोस, तो हुंगून वाया घालवतो. आणि कोणीच आलं नाही, तर शेवटचा पेला तुझ्या त्या सगळ्या देवांना विचारून तू स्वतः पी. मगच केरसुणी उतरव. उतरवायचा सराव तुला आहेच."